पत्रा, स्लॅब आणि पश्चिमेची भिंत : दापोलीकडच्या घराच्या कामाच्या नोंदी

८ मार्च २०२५, शनिवार

आजपासून लिहून ठेवतेय. आमच्यासारखी घरं किनाऱ्यावर शेकड्याने आहेत आणि प्रत्येकजण त्याच चुका परत नव्याने करतो, निदान आमच्या चुका तरी कुणाच्या कामी याव्यात.

घर चिऱ्याचं, समुद्रापासून साधारण चारशे मीटरवर. पुढचा भाग जुना, ओटी-माजघर-पडवी, आणि मागे ९५ च्या सुमाराला सासऱ्यांनी बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. पुढच्या भागावर मंगलोरी कौलं होती ती ३ जून २०२० ला निसर्ग वादळात गेली. वादळ लागलं श्रीवर्धनच्या बाजूला पण दापोली-मंडणगडचं काय झालं ते इकडच्यांना सांगायला नको. डोक्यावर पाऊस, लाईट नाही, कौलं कुठे मिळत नव्हती, वासे मोडलेले, मग जे मिळालं ते घातलं, लोखंडी पाइप आणि वर विटकरी रंगाचा पत्रा. तेव्हा तेच बरोबर होतं. पण पाच वर्षं झाली आणि आता मार्चमधेच ओटीवर बसवत नाही.

साडेचारशे रुपयांचा तापमान आणि दमटपणा दाखवणारा छोटा मीटर घेतलाय. आज दुपारी ३ वाजता बाहेर सावलीत ३३, माजघरात पत्र्याखाली ३८.५. रात्री उलटं होतं, पुढचा भाग लगेच निवतो आणि मागच्या स्लॅबच्या खोल्या दहा वाजेपर्यंत वाफ सोडत राहतात. आई (सासूबाई, ७६ वर्षांच्या, दम्याचा त्रास) मागच्या खोलीत झोपतात, त्याच खोलीची पश्चिमेची भिंत पावसात ओली होते. म्हणजे सगळं दुखणं एकाच खोलीत येऊन बसलंय.

१२ मार्च

पहिली चूक आठवड्याच्या आत झाली. उद्यापासून शिमगा, माणसं मिळणार नाहीत म्हणून तोवर आईंसाठी काहीतरी पाहिजे असं वाटून ८,६०० रुपयांचा मोठा कूलर आणला. पहिला अर्धा तास बरं वाटलं. मग मीटरवर दमटपणा ६८ टक्क्यांवरून ८४ वर गेला, तापमान जेमतेम एक अंश उतरलं, गादी चिकट आणि आईंना रात्री धाप लागली. कूलर पाणी सुकवून गारवा देतो, हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर ते सुकणार कुठे. हे मला माहीत असायला हवं होतं, मी नागपूरला चार वर्षं काढलीत आणि तिथे कूलरनेच उन्हाळे गेले, डोक्यात तेच बसलेलं. १७ तारखेला कराडच्या नणंदेने ५,००० ला नेला, तिच्याकडे तो छान चालतोय. ३,६०० गेले.

२१ मार्च

दुकानात एसी विचारायला गेलो. आईंची खोली ११० चौरस फूट. दुकानदाराने वर स्लॅब आहे आणि पश्चिमेची भिंत आहे म्हटल्यावर लगेच दोन टन सांगितला. घरी येऊन मी आणि हे बराच वेळ बोलत बसलो. स्लॅब तापतो म्हणून मोठा एसी घ्यायचा, भिंत ओली म्हणून एसीने ती सुकवायची, आणि मग वीजबिल कायमचं भरायचं, हे काही पटेना. शिवाय खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेतला तर तो हवा पटकन गार करतो आणि बंद पडतो, हवेतलं पाणी काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही, गार पण दमट अशी खोली होते. दम्याच्या माणसाला त्याचा काय उपयोग.

ठरलं असं की आधी पाणी थांबवायचं, मग ऊन, आणि एसी सगळ्यात शेवटी. पैसेही त्याच क्रमाने बाजूला काढले.

३० मार्च, गुढीपाडवा

पुढच्या छपराचं काय करायचं यावर घरात दोन आठवडे वाद. आईंना कौलं परत हवी होती, मलाही मनातून तेच हवं होतं. हिशोब केला, उताराचं क्षेत्र साडेसातशे फूट, म्हणजे हजार-अकराशे कौलं, जुनी चांगली मिळाली तर नगाला १५-१६ रुपये. ते जमलं असतं. पण पाइप पत्र्यासाठी चार-चार फुटांवर टाकलेत, कौलांना जवळपास फुटाफुटावर रिपा (लाकडी पट्ट्या) लागतात, आणि कौलाचं वजन पत्र्याच्या कितीतरी पट. फॅब्रिकेटरने स्पष्ट सांगितलं की ह्या सांगाड्यावर मी कौलं चढवू देणार नाही, नवीन सांगाडा धरून ते काम लाखाच्या पुढे गेलं. तेव्हा पत्रा ठेवायचा, वरून पांढरा करायचा आणि खालून फॉइल लावायचं असं नाईलाजाने ठरवलं.

६ एप्रिल

आधी स्क्रू. वर चढून पाहिलं तर निम्म्या स्क्रूंची डोकी गंजून फुगलेली, रबराचे वॉशर चिरलेले, आणि प्रत्येक स्क्रूखाली पत्र्यावर गंजाचा ओघळ. पत्रा ठीक आहे, मरतात ते स्क्रू. दुकानदाराला 'एसएस द्या' म्हटलं (स्टेनलेस स्टीलचे), त्याने दिले, घरी येऊन फ्रीजवरचं लोहचुंबक लावलं तर टपकन चिकटले. म्हणजे ते ४१० ग्रेडचे. ते स्टेनलेसच असतात, फसवणूक नाही, पण खाऱ्या हवेत त्यांना गंज धरतो. ३०४ चे बायमेटल मागवले, त्यात टोक साध्या पोलादाचं असतं म्हणून चुंबक फक्त टोकाला धरतं, डोक्याला धरत नाही. दुकानात जाताना लोहचुंबक खिशात ठेवा, एवढी एक गोष्ट माझ्याकडून घ्या.

४२० स्क्रू, १७ रुपयांप्रमाणे ७,१४०. जुन्या भोकात तोच साइज सैल बसतो म्हणून ५.५ च्या जागी ६.३ एमएम घेतले. दोन माणसं दोन दिवस, मजुरी ३,६००.

९ एप्रिल ते २२ एप्रिल

पांढरा उष्णतारोधक रंग. पत्रा झाडून, पाइपने पाणी मारून, सुकल्यावर दोन हात मारले. पहिल्या दिवशी माजघरात २ अंश कमी, आम्ही सगळे खूश. बाराव्या दिवशी पावळीच्या (छपराच्या खालच्या कडेच्या) बाजूला रंगाचे पापुद्रे सुटले, बोटाने सोलले तर चपातीच्या पदरासारखे निघाले. रंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, प्रायमर कोणता मारला. प्रायमरचा प्रश्न नव्हता. ज्या भागावर रंग सुटला तिथे पत्र्यावर बोट फिरवून जिभेला लावलं, खारट. वाऱ्याने येणारा खार पत्र्याला चिकटून बसतो, एकदा पाणी मारून तो जात नाही, पश्चिमेच्या उतारावर तर नाहीच.

परत केलं. ब्रश आणि साबणाचं पाणी, मग गोडं पाणी, दुसऱ्या दिवशी परत गोडं पाणी, आणि दव उडाल्यावर सकाळी नऊनंतर रंग, अकराच्या आत बंद. नंतर पत्रा इतका तापतो की रंग ब्रशवरच ओढला जातो. वाया गेलेला रंग आणि मजुरी मिळून ५,२००, आणि दहा दिवस. एप्रिलमधले दहा दिवस फार महाग पडतात, पुढे कळेलच.

२६ एप्रिल

फॉइल. हा बबल असलेला चकचकीत कागद, १४ रुपये फूट. कामगाराने तो सरळ पत्र्याला खालून चिकटवायला सुरुवात केली, त्याची सवय तीच. एक खण पूर्ण झाल्यावर मी मीटर धरला, काही फरक नाही. फॉइल उष्णता परतवतं ते त्याच्या चकचकीत बाजूला मोकळी हवा असेल तरच, पत्र्याला टेकवलं की पत्र्याची धग सरळ त्याच्यात उतरते. काढून घेतलं. शेजाऱ्यांच्या उतरवलेल्या छपराच्या जुन्या रिपा मिळाल्या, त्यांना तेल दिलं, पाइपच्या खालून दोन इंच अंतर राहील अशा ठोकल्या आणि त्यावर फॉइल, चकचकीत बाजू वर. पावळीला जाळी लावून फट ठेवली आणि आढ्याच्या दोन्ही टोकांना त्रिकोणात जाळी, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल.

१ मे ला दुपारी ३ वाजता बाहेर ३४, माजघरात ३४.५. पहिल्यांदा दुपारचं जेवण ओटीवर झालं. आई काही बोलल्या नाहीत, फक्त जेवून तिथेच आडव्या झाल्या.

४ मे

स्लॅब. २२ बाय १४ फूट. वर जुना कोबा, मधे ढाळ उलटा झालेला, पाणी कोपऱ्यात साचतं आणि तिथूनच आईंच्या खोलीत उतरतं. गवंडीकाका म्हणाले, वरून गळती थांबवणारं केमिकल मारा, दोन दिवसांत मोकळे. वीस लिटरची बादली ६,९०० ची आणली. दुपारी दोनला पहिला हात मारला (मी घरी नव्हते), संध्याकाळी येऊन बघते तर सगळीकडे फोड. तापलेल्या स्लॅबमधली हवा आणि ओल वर यायला बघते आणि वरचा थर आधीच सुकलेला असतो, मग तो फुगणारच. अर्धी बादली गेली.

काकांशी मी भांडले नाही, त्यांनी आयुष्यभर सिमेंटचं काम केलंय, केमिकल त्यांना नवं आहे. बादलीवरच्या सूचना वाचून दाखवल्या आणि दुसऱ्यांदा दोघांनी मिळून ठरवलं.

७ ते १५ मे

कोबा कोपऱ्यात फोडला, ढाळ नव्याने दिला, शंभराला एक, पाइपच्या तोंडाकडे. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे सगळीकडून वाटा मारला, म्हणजे सांध्याचा कोन सिमेंटने भरून गोल केला. आमच्या गळतीचं निम्मं कारण हा वाटा नसणं हेच होतं, काटकोनातल्या त्या सांध्याला चीर पडते आणि केमिकल कितीही मारा, तिथेच फाटतं. वाट्यावर फायबरची जाळी, मग सकाळी साडेसात ते साडेनऊ असे तीन दिवस तीन हात, प्रत्येक हात आडवा-उभा. पांढराच घेतला, त्याने स्लॅबही कमी तापतो, रात्री आईंच्या खोलीत ते जाणवतंय.

१३ ला पाइपच्या तोंडाला बोळा लावून दोन इंच पाणी भरलं आणि ४८ तास ठेवलं. खालून टॉर्च मारून छत बघत होते. कोरडं. हे पाणी भरून बघणं कुणी टाळू नका, पावसाने परीक्षा घेण्यापेक्षा आपण घेतलेली बरी.

सिमेंट, रेती, मजुरी, दुसरी बादली धरून २७,४००.

२१ मे

पाऊस. आमचं सगळं गणित मिरगाचं होतं, ७ जूनपर्यंत वेळ आहे असं धरून पश्चिमेच्या भिंतीचं काम स्लॅबनंतर ठेवलेलं. कालपासून वारा फिरला आणि आज कोसळतोय. भिंतीच्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) अर्ध्या उकरलेल्या, जुना गिलावा काढलेला.

२४ मे

दुपारी डिप्रेशन (तीव्र कमी दाबाचं क्षेत्र) रत्नागिरी-दापोलीच्या मधे किनाऱ्याला लागलं. आजच केरळात मान्सून आला म्हणून सांगतायत. लाईट कालपासून नाही. ताडपत्री दोनदा उडाली, तिसऱ्यांदा तिच्या काठाला वाळूच्या पिशव्या बांधल्या तेव्हा थांबली.

स्लॅब टिकला. पत्र्याचा एकही स्क्रू गळला नाही. पण आढ्याच्या पश्चिमेच्या जाळीतून झड सरळ आत आली, फॉइलवर पाणी साचलं आणि माजघरात मधोमध धार लागली. ही चूक पूर्ण माझी. वारा जायला जागा केली तर त्याच जागेतून पाऊस येणार, आणि आमच्याकडे पाऊस आडवा असतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. सध्या आतून मेणकापड ठोकलंय. उघडीप मिळाली की तिथे तिरक्या पट्ट्यांची झडप करायची, पट्ट्या खाली झुकलेल्या आणि एकमेकींवर चढलेल्या.

दोन दिवसांनी मान्सून मुंबईतही पोचला. मे महिन्यात. एप्रिलमधले ते रंगाचे दहा दिवस हातात असते तर भिंत पूर्ण झाली असती. पुढच्या वेळी १५ मे हीच शेवटची तारीख धरणार.

८ जून

आता भिंतीबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त वर्षं हिच्यात गेलीत. गेल्या वर्षी आम्ही आतून ओलरोधक रंग मारला होता, बादलीवर बरीच वर्षं टिकेल असं लिहिलेलं. ऑगस्टमधे तो पुरीसारखा फुगला आणि मागे पांढरा लोणा. चिरा सच्छिद्र असतो, बाहेरून पाणी पितो आणि सुकताना सोडतो. आतून प्लास्टिकसारखा थर दिला की पाणी तिथे येऊन अडतं, क्षार तिथेच जमतात आणि रंग ढकलून देतात. पाणी बाहेरून येतंय आणि आपण दार आतून लावतोय.

तो रंग पूर्ण खरवडला. तीन दिवस, नाकाला कापड बांधून, आईंना तेवढे दिवस पुढे माजघरात हलवलं. आतून आता फक्त चुना. बाहेरून दर्जा भरायच्या राहिल्यात त्या पावसात होणार नाहीत. मग तोवर काय?

११ जून

आईंनी उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, 'अगो, झापं बांधा की.' पूर्वी ह्या भिंतीला दर पावसाळ्यात माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायचे, प्लास्टिक आलं आणि ते बंद झालं. आवारात पाच माड आहेत. आईंनी ओटीवर बसून विणून दाखवलं, मी आणि मुलीने चौदा झापं विणली, हात सोलले पण जमलं. भिंतीपासून वीतभर अंतरावर बांबूचा सांगाडा आणि त्यावर झापं खालून वर एकावर एक. झड झापांवर अडते, मागे हवा खेळते, भिंत सुकत राहते. गेल्या वर्षी हेच आम्ही ताडपत्री भिंतीला चिकटवून केलं होतं, तर मागे बुरशी वाढली. खर्च बांबू आणि काथ्याचा, ६८०.

आणखी एक गोष्ट झापं बांधताना दिसली. स्लॅबच्या पाइपमधून पडणारं पाणी जोत्याशी आपटून भिंतीवर दोन फूट उडत होतं, तेवढा पट्टा कायम हिरवा. पाइपला कोपर लावून पाणी लांब नेलं आणि तिथे खडी टाकली. दीडशे रुपयांचं काम, तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

२० जुलै

मीटरवर रोज दमटपणा ८८ ते ९३. भिंत आतून हाताला थंड लागते पण ओली नाही, लोणा नाही. कपाटासाठी ओल शोषणारे डबे आणले होते, नऊ दिवसांत पाण्याने भरले, एवढ्या हवेला ते पुरत नाहीत. कपाटात विजेचा छोटा दिवा लावून ठेवतोय, जुना उपाय, कपड्यांपासून लांब आणि जाळीच्या आत. ओल काढायचं मशीन १६,००० ला मिळत होतं ते घेतलं नाही, एसी घ्यायचाच आहे तर तोच ओल काढेल.

गिझर मात्र घेतला, बंबासाठी आईंना वाकावं लागतं. आमच्या विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आंबट, पीएचच्या (आंबटपणा मोजायच्या) पट्टीवर ६ आला, जांभ्यातल्या बऱ्याच विहिरींचं असंच असतं. अशा पाण्यात क्षार धरत नाहीत, टाकीच आतून गंजते. म्हणून आतून काचेचा थर असलेली टाकी आणि आतली मॅग्नेशियमची कांडी (टाकीऐवजी आधी हीच झिजते) काढून बघता येते असा बघितला. कांडी वर्षाने बघायची, झिजली असेल तर बदलायची.

२८ सप्टेंबर

गणपती झाले, उघडीप आहे. एसीवरचा जीएसटी २२ तारखेपासून २८ चा १८ टक्के झाला, जूनमधे ४०,७०० सांगितलेला तोच एसी ३७,५०० ला मिळाला. सिमेंटचाही कमी झाला पण ते आम्ही मेमधेच वापरून बसलो होतो, स्लॅबसाठी थांबता आलंच नसतं.

एक टन, पाच स्टार, इन्व्हर्टर. दोन टनाचं कुणी नाव काढलं नाही कारण ह्या वेळी मी खोलीची मापं आणि स्लॅब पांढरा केल्याचं लिहूनच नेलं होतं. कॉइल तांब्याची आणि पत्तीवर गंजरोधक लेप. माणूस आऊटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर लावत होता, पाइप कमी लागतो म्हणून. त्याचं मी ऐकलं नाही. पूर्वेला पडवीच्या पावळीखाली लावलं, अकरा फूट जादा पाइप, २,९०० जास्त गेले. समुद्राचा वारा सरळ कॉइलवर घ्यायचा नाही, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने हलक्या फवाऱ्याने धुवायचं.

माजघर आणि ओटीला फक्त पंखे, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे), २८ वॉटचे. जुने ७५ चे होते. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर दुप्पट वेळ चालतात, इकडे हाच मोठा मुद्दा.

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन. दुपारी ३ ला बाहेर ३४.५, माजघर ३४.८, एसी बंद असताना आईंची खोली ३२. रात्री एसी २६ वर, पंखा एकवर, दमटपणा ५८. आई सलग झोपतात, सप्टेंबरपासून रात्री दम्याचा पंप लागलेला नाही. मी डॉक्टर नाही, भिंतीमुळेच झालं असं म्हणणार नाही, पण वहीत लिहून ठेवतेय.

झापं काल उतरवली, भिंत मागून कोरडी. दर्जा भरायला गवंडीकाका दिवाळीनंतर येतायत, चुना-सिमेंट मिसळून, नुसतं सिमेंट नाही. आढ्याची झडप सुताराने केली पण एक पट्टी उलटी बसलीय, ती बदलायची आहे. आणि आऊटडोअरच्या ब्रॅकेटला दोन आठवड्यांत गंजाचे ठिपके आलेत, मशीन बघून घेतलं पण ब्रॅकेट कसलं आहे ते विचारलंच नाही. उद्या ते उतरवून घासून दोन हात झिंकचा प्रायमर, आणि बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. लोहचुंबक पर्समधेच आहे.